चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) जुन्या घराची दुरुस्ती आणि मागे एक नवी खोली

कामाची सुरुवात जुलैत करा, पण हातात फक्त खडू घेऊन. मुसळधार पावसात कुठे गळते, भिंतीला ओल किती उंचीपर्यंत चढते, अंगणातले पाणी कुठल्या बाजूने जोत्याला लागते, तिथे तिथे खूण करा. कोरड्या महिन्यांत हे काहीच कळत नाही. चतुर्थी झाली की छप्पर, मग भिंती, शेवटी जमीन. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या हक्काच्या सरकारी नोंदीवर) ज्यांची नावे आहेत त्या सगळ्यांची लेखी संमती आणि पंचायतीचा परवाना चिरे उतरवण्याआधी हातात हवा.

छपराची एकेक बाजू उघडा. वासा मधे क्वचितच कुजतो. तो भिंतीवर टेकतो तिथे कुजतो. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सहज आत गेला तर कुजका भाग कापून दोन्ही बाजूंनी लाकूड जोडा. प्रत्येक कारखान्याच्या मंगळुरी कौलाची खाच वेगळी असते, म्हणून एका उतारावर जुनी-नवी कौले मिसळू नका. वाचलेली सगळी जुनी पुढच्या उतारावर, नवी मागे.

भिंतींची सर्वांत मोठी हानी सिमेंटचा गिलावा करतो. चिरा आणि आतली माती ओल शोषतात आणि वाऱ्यावर सोडतात. सिमेंट ती वाट बंद करते. मग ओल वर चढते, क्षार फुटतात, गिलावा चिऱ्याचा पापुद्रा घेऊन पडतो, आणि त्यावर पुन्हा सिमेंटच थापले जाते. ते छिन्नीने काढा, चिऱ्यांमधले सांधे 20-25 मिमी खोल खरवडा आणि भिंत दोन महिने उघडी सुकू द्या. हे दोन महिने वाचवू नका. गिलाव्याला तीन आठवडे मुरवलेला चुना 1 भाग, धुतलेली नदीची वाळू 3 भाग. थर 10-12 मिमीचे, दोन थरांत आठवड्याचे अंतर, वर ओली गोणपाटे. रंग चुन्याचाच, प्लास्टिक पेंट म्हणजे पुन्हा तीच कोंडी.

आता वाढीव खोली. मागच्या भिंतीला टेकून एकपाखी (एकाच उताराचे) छप्पर काढावे असे सगळ्यांना वाटते. कौलांना गोव्याच्या पावसात 1:2 उतार हवा, म्हणजे 3 मीटर खोल खोलीत छप्पर दीड मीटर खाली येते. जुनी पागोळी (भिंतीबाहेर आलेली छपराची कड) आधीच खाली असते, त्यामुळे पलीकडे डोके आपटते. मग गवंडी उतार कमी करतो आणि पाणी कौलांखाली घुसते. न्हाणीघरापुरती दोन मीटरपर्यंतची जागा एकपाखीत बसते. त्याहून मोठ्या खोलीला स्वतःचे दुपाखी छप्पर द्या आणि मधे 1.2 मीटरचा बोळ ठेवून त्यावर स्लॅब घाला. स्लॅबचा भार नव्याच भिंतींवर राहू द्या. जुन्या भिंतीपासून 20 मिमी फट ठेवा, त्या कडेला 15 सेमीचा कठडा बांधा आणि पाणी आडवे अंगणात काढा. नवा पाया पहिली काही वर्षे बसतो. दोन्ही भिंती एकमेकांत गुंतवल्या तर तडा जुन्या भिंतीलाच जातो.

जुना पाया उथळ असतो. त्याच्या शेजारी चर एकदम खणू नका. एकेक मीटर खणा, भरा, मग पुढचा.

बाहेरून 3.6 × 4.2 मीटर खोलीला 60 सेमी पागोळी धरून छप्पर 29 चौरस मीटर होते. चौरस मीटरला 15 या हिशेबाने, फुटतूट धरून, 480 कौले लागतात, आढ्याची वेगळी.

संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान 18 मीटर दूर हवा. वाळवीचे औषधही विहिरीजवळच्या मातीत ओतू नका; तिथे लाकूड जमिनीला टेकणार नाही असे दगडी बैठकीवर उभे करा.