जुन्या एमएक्स-५चा तळ आणि सस्पेन्शन: खालून गाडी कशी वाचवावी

माझदा एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी १९८९ साली आली, आणि तिच्या पहिल्या दोन पिढ्यांतल्या बऱ्याच गाड्या आजही ब्रिटनच्या रस्त्यांवर दिसतात. तिचे इंजिन सहसा दगा देत नाही. गाडी संपते ती खालून. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ पसरतात, ते चिखलात कालवले जाऊन सस्पेन्शनच्या सांध्यांत आणि पत्र्याच्या घड्यांत बसते आणि ओल धरून ठेवते. कोकणात किनाऱ्यालगत गाडी ठेवणाऱ्यांना हे दुखणे ओळखीचे वाटेल, कारण खारी हवा आणि पावसाळा मिळून तेच काम करतात. मी इंग्लंडमध्ये माझ्या १९९६च्या गाडीवर ज्या क्रमाने काम केले, तोच येथे देत आहे. हा क्रम बदलू नये, असे मला मनापासून वाटते.

काम वसंतात, रस्त्यावरचे मीठ थांबल्यावर आणि सलग कोरडे दिवस मिळतील तेव्हा काढावे. गाडी उचलताना जॅक पुढच्या बाजूस क्रॉसमेंबरच्या (आडव्या तुळईच्या) मध्यभागी आणि मागे डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीच्या) खाली लावतात. गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जाणाऱ्या ॲल्युमिनियमच्या लांब चौकटीला मात्र जॅक कधीही टेकवू नये. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो, म्हणून मागची बाजू उचलली की त्याचा काहीच उपयोग नसतो आणि पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावणे भाग असते. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नये. स्टँड सपाट, पक्क्या जमिनीवर ठेवावेत, आणि काढलेली चाके सिलखाली (दाराखालच्या पोकळ पट्टीखाली) आडवी सरकवून ठेवावीत, म्हणजे एखादा स्टँड घसरला तरी गाडी अंगावर येणार नाही.

यानंतर लगेच पाणी मारण्याचा मोह टाळावा. मळ हा पुरावा असतो, आणि तो धुऊन टाकण्यापूर्वी वाचून घ्यावा लागतो. शॉक ॲब्सॉर्बरच्या अंगावर धूळ तेलकट होऊन चिकटली असेल, तर त्याचे सील गेले आहे. बॉल जॉइंटच्या (सस्पेन्शनच्या गोलाकार फिरत्या सांध्याच्या) रबरी टोपीभोवती काळे ग्रीस उडालेले दिसले, तर टोपी फाटली आहे. प्रत्येक कोपऱ्याची छायाचित्रे घ्यावीत. जोडणी करताना कोणता वॉशर कुठे होता, हेही त्यांतूनच कळते.

मग वाळलेला चिखल लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावा. ब्रेकच्या डिस्क आणि कॅलिपर पिशव्यांत गुंडाळून तेलकट भागांवर सौम्य डिग्रीझर लावावा आणि दहा-पंधरा मिनिटांनी ब्रशने घासावे. कॉस्टिक असलेले द्रावण ॲल्युमिनियम खाते, म्हणून ते वापरू नये. पाण्याचा जोरदार झोत रबरी टोप्या, व्हील बेअरिंगची सीले आणि विजेचे जोड यांच्यावर जवळून मारल्यास पाणी आत शिरते आणि सफाईच दुखण्याचे कारण ठरते. तेलकट पाणी रस्त्याकडेच्या गटारात जाऊ देऊ नये.

तळ स्वच्छ झाल्यावर पत्र्याची परीक्षा घ्यावी. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकाने तळाला जाड डांबरी लेप दिला होता आणि तो काळाभोर, नवा कोरा दिसत होता. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सिलवर ठोकत गेलो, तेव्हा पुढच्या भागात टणक आवाज येत होता आणि मागच्या चाकाच्या कमानीजवळ येताच तो एकदम बद झाला. लेपाची खपली उचलली, तर तिच्या आतल्या बाजूला तांबूस चुरा चिकटलेला होता आणि पत्रा बोटाने दबत होता. लेपाला तडा गेला की पाणी आत शिरते, पण बाहेर पडत नाही. म्हणून असा सुटलेला लेप खरवडून काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

या जागेच्या गंजाचे मूळ वर असते. कापडी टपावरचे पाणी आसनांच्या मागच्या नळ्यांतून उतरते आणि मागच्या चाकांच्या पुढे खाली पडते. पाने आणि माती यांनी या नळ्या तुंबल्या की पाणी सिलमध्ये मुरते. प्रत्येक नळीत पेलाभर पाणी ओतून ते खाली धारेने पडते का, हे पाहावे. सस्पेन्शनच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आतला पत्रा गंजून कमकुवत झाला असेल, तर ब्रिटनच्या वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास होते. तेथे वेल्डिंगच हवे, पुटी चालत नाही.

सस्पेन्शनमध्ये सर्वांत हट्टी असतात ते खालच्या आर्मचे (चाकाला गाडीच्या चौकटीशी जोडणाऱ्या दांड्यांचे) ८ कॅम बोल्ट, प्रत्येक चाकाला २. चाकांचे अलाइनमेंट (चाके कोणत्या कोनात उभी राहतात ते) यांच्यावरच ठरते आणि गंजून बुशच्या (आर्मच्या सांध्यातल्या रबरी अस्तराच्या) आतल्या नळीत जाम होण्यातही हेच पुढे असतात. हात लावण्यापूर्वी कॅम (बोल्टवरची चकती) आणि सबफ्रेम (आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) या दोन्हींवर रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवावी, आणि गंज सोडवणारे तेल तीन-चार दिवस रोज द्यावे. नट सैल करून बोल्टचे डोके थोडे फिरवताना रबराकडे लक्ष ठेवावे. डोक्याबरोबर बुशचे रबर पिळले जात असेल, तर बोल्ट नळीला धरून बसला आहे, आणि तेव्हा जोर लावून काही साधत नाही. माझे ८ पैकी ३ बोल्ट करवतीने कापावे लागले, म्हणून नवे बोल्ट आणि बुश आधीच मागवून ठेवणे शहाणपणाचे. स्प्रिंग दाबण्याचे काम योग्य साधन आणि सराव नसल्यास गॅरेजवर सोपवावे. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीवावर बेतते.

गंजाच्या उपचारात रंगापेक्षा तयारीला अधिक वेळ द्यावा. सुटे पोपडे तारेच्या ब्रशने काढून शक्य तेथे चकचकीत धातू उघडा करावा. फॉस्फोरिक आम्लाचे रस्ट कन्व्हर्टर पातळ, घट्ट चिकटलेल्या गंजावरच काम करते. जाड थरावर ते वरवर काळे पडते आणि आतला गंज तसाच राहतो. त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि चासी पेंट द्यावा. ब्रेकच्या नळ्यांवर तारेचा ब्रश चालवू नये. त्यांवर खड्डे दिसले तर त्या बदलाव्यात.

नवे रबरी बुश बसवताना एक चूक फार जण करतात. गाडी हवेत असताना आर्म खाली लोंबतात, आणि त्याच स्थितीत बोल्ट आवळले की गाडी चाकांवर उतरताच रबर पिळले जाते आणि लवकर फाटते. म्हणून बोल्ट हातानेच बसवून, गाडी रॅम्पवर तिच्या स्वतःच्या वजनावर उभी करून, मगच टॉर्क रेंचने आवळावेत. चाकांच्या नटांसाठी ८८ ते ११८ न्यूटन-मीटर हे माप आहे.

शेवटी सिलच्या पोकळीत लांब नळीने पातळ कॅव्हिटी वॅक्स आणि बाहेरून पारदर्शक वॅक्स किंवा लॅनोलिनचा हात द्यावा, म्हणजे खाली नवा गंज आला तर तो दिसेल. हे वॅक्स डिस्क, एक्झॉस्ट आणि रबरी बुश यांच्यावर उडू देऊ नये, आणि सिलची निचऱ्याची भोके त्याने बुजली असतील तर तारेने मोकळी करावीत. मग चारही चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, साधारण ८० किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा तपासावेत, आणि दर ऑक्टोबरात, मीठ पडण्यापूर्वी, वॅक्सचा पातळ हात परत द्यावा.