छोट्या लेव्हलवर प्लास्टिक रिसायकलिंग: मशीन नंतर घ्या, आधी हात बसू द्या

शहरात छोटंसं प्लास्टिक रिसायकलिंग सुरू करायचं म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, मशीन कुठलं घेऊ. अहो थांबा. मशीन सगळ्यात शेवटी. पहिले दोन-तीन महिने नुसतं गोळा करा, वेगळं करा आणि तसंच विका, तेवढ्यात कळतं की आपल्याकडे कुठला माल रोज येतो, कुठला कधीतरीच आणि कुठला कुणीच घेत नाही. मी उलटं केलं होतं, आधी मशीन आणलं आणि मग त्यात काय घालायचं ते शोधत बसलो.

तर आधी ओळखायला शिका. वस्तूच्या बुडाशी त्रिकोणात नंबर असतो, ही पद्धत १९८८ पासूनची. १ म्हणजे पेट (पाण्याच्या-कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं), २ एचडी (जाड पॉलिथिन, शाम्पूच्या बाटल्या, बादल्या), ३ पीव्हीसी (पाइपचं), ४ एलडी (मऊ पॉलिथिन, पिशव्यांचं), ५ पीपी (पॉलिप्रॉपिलीन, झाकणं, डबे), ६ पॉलिस्टायरीन आणि ७ म्हणजे उरलेलं सगळं. पण भंगारातल्या कितीतरी तुकड्यांवर नंबर नसतोच, नाहीतर घासून गेलेला असतो, म्हणून पाण्याची बादली हाच खरा गुरू. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाका म्हणजे तुकड्याला बुडबुडे चिकटत नाहीत, मग छोटा तुकडा कापून आत दाबून सोडा. एचडी, एलडी, पीपी वर येतात, पेट, पीव्हीसी, पॉलिस्टायरीन तळाला जातात. आता त्यात मीठ विरघळवत जा, पॉलिस्टायरीन वर येईल आणि पेट-पीव्हीसी खालीच राहतील. दोन ठिकाणी फसायला होतं: थर्माकोल हेही पॉलिस्टायरीनच पण आत हवा असल्यामुळे तरंगतं, आणि ज्या पीपीत खडूची पावडर भरपूर मिसळलेली असते ते बुडू शकतं.

पेट आणि पीव्हीसी वेगळं करणं सगळ्यात महत्त्वाचं, इथे आळस नको. बाटली असेल तर बूड बघा, पेटच्या बुडाला मधोमध बारीक ठिपका असतो आणि पीव्हीसीच्या बुडाला आडवी जोडरेषा. पीव्हीसी वाकवलं की घडीवर पांढरी रेघ उमटते. तरी शंका असेल तर तांब्याची तार चिमट्यात धरून तापवा, तुकड्याला टेकवा, परत ज्योतीत धरा, ज्योत हिरवी झाली तर आत क्लोरीन आहे म्हणजे बहुतेक पीव्हीसीच. हे उघड्यावर करा आणि धूर नाकात घेऊ नका. एवढा खटाटोप का, तर पेट वितळायला २५० डिग्रीच्या आसपास जावं लागतं, पीव्हीसी त्याच्या खूप आधीच जळून अ‍ॅसिडचा वायू सोडतं, आणि थोडंसं जरी मिसळलं तरी सगळा लॉट काळ्या ठिपक्यांचा होतो. छोट्या जागेत पीव्हीसी तापवायचंच नाही, विषय संपला.

एचडी आणि पीपीत नखाने ओरखडा काढून बघा. एचडी मेणासारखं लागतं, पीपी जरा कडक. शाम्पूच्या बाटलीचं उघडझाप करणारं झाकण बहुतेक वेळा पीपीचं असतं कारण ते कितीही वेळा वाकवलं तरी सहसा तुटत नाही. अजून एक गोष्ट जी उशिरा कळते: एचडीची बाटली आणि एचडीची बादली दोन्हींवर २ नंबर असला तरी माल एक नाही, बाटलीचा माल वितळल्यावर घट्ट असतो आणि बादलीचा पातळ वाहतो, म्हणून ते दोन ढीग वेगळेच ठेवा. रंगाचंही तसंच, पांढरा आणि पारदर्शक बाजूला, कारण सगळं एकत्र केलं की शेवटी काळ्या नाहीतर मातकट रंगाशिवाय काही होत नाही.

वेफर्सची पाकिटं, चकाकणारे सॅशे यात वेगवेगळे थर चिकटवलेले असतात, ते घेऊच नका. औषध-इंजेक्शनचा कचरा आणि कीटकनाशकाच्या बाटल्याही नकोत.

धुण्यात जास्त वेळ जातो. पेटच्या बाटल्यांची झाकणं हाताने काढत बसू नका, सगळं कटरमधून (प्लास्टिकचे तुकडे करणारं मशीन) काढा आणि मग पाण्यात टाका, झाकणाचे तुकडे वर तरंगतात, पेट खाली बसतं. लेबलचा गोंद जात नसेल तर गरम पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा, पण सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, आणि हातमोजे-गॉगल पाहिजेतच. धुतलेलं पाणी थेट गटारात सोडलं तर बारीक कण सगळे नदीत, म्हणून वाटेत बारीक जाळी आणि एक ड्रम ठेवा, गाळ खाली बसू द्या आणि वरचं पाणी परत वापरा. मग वाळवणं. ओला एचडी वितळवला तर बुडबुडे येतात, ओलं पेट वितळवलं तर माल ठिसूळच होतो.

आता मशीन. पहिलं कटर घ्या, जाळी ८ ते १२ मिलिमीटरची. आत टाकायच्या आधी लोहचुंबक फिरवा, एक स्क्रू गेला तर पात्यांची वाट लागते. स्वतः बनवायचं असेल तर २०१३ मध्ये डेव्ह हॅकन्स या डच डिझायनरने सुरू केलेल्या प्रेशस प्लास्टिक या रिसायकलिंग प्रकल्पाकडे कटर, एक्सट्रूडर (प्लास्टिक वितळवून बाहेर ढकलणारं मशीन), प्रेस यांचे नकाशे फुकट मिळतात.

दाणा, म्हणजे प्लास्टिक वितळवून केलेले बारीक गोळे, काढायचाच असेल तर एचडी, एलडी, पीपीपासून सुरुवात करा, पेटचे तुकडे तसेच विका. एलडी साधारण ११०, एचडी १३०, पीपी १६०-१६५ डिग्रीला वितळतं, मशीन त्याच्या बरंच वर चालवावं लागतं, पण धूर दिसायला लागला म्हणजे माल जळतोय, टेंपरेचर कमी करा. एक्झॉस्ट फॅन पाहिजेच. आणि या दाण्यापासून खाण्यापिण्याची भांडी बनवू नका, कोणी कितीही मागे लागलं तरी.

गिऱ्हाईकाकडे आधी मूठभर नमुना घेऊन जा, मग टनभर माल करा. प्रत्येक लॉटमधला थोडा दाणा तारीख लिहून बरणीत ठेवा, दोन महिन्यांनी कोणी तक्रार घेऊन आलं की तीच बरणी काढून समोर ठेवता येते.