गावच्या मीटरपाशी जाण्याआधी: ऊर्जाबचत कार्यक्रमातल्या नव्या विश्लेषकाची तयारी

गावफेरीच्या निदान आठ दिवस आधी ग्रामपंचायतीच्या सगळ्या वीजजोडण्यांची बिले हाताशी असू द्या. एका गावात सहसा चार-सहा जोडण्या निघतात: नळयोजनेची मोटर, पथदिवे, पंचायतीचे कार्यालय, शाळा, अंगणवाडी, असले तर आरोग्य उपकेंद्र. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक आणि ४ अंकी बिलिंग युनिट मिळाले की बिल काढता येते. हे दोन्ही आकडे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून मागून घ्या. बिले सलग १२ महिन्यांची हवीत, कारण विदर्भात मे आणि डिसेंबर यांची तुलना होऊच शकत नाही. ग्राहक क्रमांक एक्सेलमध्ये टाकण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करून ठेवा. नाहीतर १२ अंकांचे ४.१ई+११ असे काहीतरी होते आणि पुढच्या महिन्यात तीच जोडणी शोधत बसावे लागते. बोरगाव, पिंपळगाव जवळपास प्रत्येक तालुक्यात आहेत, म्हणून गावाच्या नावाशेजारी शासनाचा एलजीडी कोड (प्रत्येक गावाला दिलेला वेगळा क्रमांक) लिहाच.

बिल वाचताना एकूण देय रकमेकडे पाहू नका. पंचायतींच्या बिलात थकबाकी आणि व्याज मिसळलेले असते. वापरलेली युनिटे, मागचे आणि चालू वाचन, मंजूर भार, गुणक (वाचनातल्या फरकाला ज्याने गुणायचे तो आकडा) आणि दरवर्ग एवढेच उतरवा. पाणीपुरवठा आणि पथदिवे यांचे दरवर्ग वेगळे असतात. मीटरची जोडणी एका वर्गात आणि प्रत्यक्ष वापर दुसऱ्यात असेल तर ते टिपणात वेगळे लिहा, बचतीत धरू नका. चार-पाच महिने युनिटांचा आकडा अगदी सारखाच दिसला तर ते सरासरी बिल आहे, वाचन घेतलेलेच नाही. असे महिने पायाभूत वर्षातून (ज्याच्याशी बचतीची तुलना करायची त्या वर्षातून) काढून टाका किंवा पुढच्या खऱ्या वाचनापर्यंतचा वापर त्या महिन्यांत वाटून घ्या. स्थिर आकार युनिटे वाचवून कमी होत नाही, हेही पैशाच्या हिशोबात लक्षात ठेवा.

सोबत गटविकास अधिकाऱ्यांचे पत्र हवे. त्याशिवाय पंपघराचे कुलूप उघडायला लावणे योग्य नाही. सरपंचांना दोन दिवस आधी फोन करा आणि बाजाराचा दिवस टाळा. मोटर चालू करणारा माणूस, म्हणजे बहुतेक गावांत पंचायतीचा चपराशी, सकाळीच भेटतो. उन्हाळ्यात तर सहा ते दहा एवढाच कामाचा वेळ धरा. पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा घेतल्याशिवाय निघू नका. चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि पंपघराच्या पत्र्याखाली तो आणखी चढलेला असतो. गडचिरोली किंवा मेळघाटच्या आतल्या गावांसाठी फॉर्म कागदावर छापून न्या, नेटवर्कवर विसंबू नका.

पिशवीत सेकंद मोजता येतील असा फोन, ३० मीटरचा टेप, टॉर्च, दाबमापी आणि वीजभार मोजणारा क्लॅम्प मीटर ठेवा. साधा क्लॅम्प फक्त अँपिअर दाखवतो. त्यावरून किलोवॅट काढायला पॉवर फॅक्टर (घेतलेल्या करंटचा किती भाग खऱ्या कामाला लागतो ते प्रमाण) गृहीत धरावा लागतो आणि पंपघरातला ते प्रमाण सुधारणारा कपॅसिटर जळून सुटलेला असेल तर तो अंदाज सपशेल चुकतो. पॅनल मात्र उघडायचे नाही. ते काम परवानाधारक वायरमनचे, तो सोबत असेल तरच क्लॅम्प लावा.

वायरमन आला नाही तरी काम अडत नाही, कारण मीटरचा लाल दिवा आहे. मीटरच्या तोंडावर एका युनिटला किती लुकलुकी ते छापलेले असते. समजा ८०० आहे आणि मोटर चालू असताना ५० लुकलुकी ४० सेकंदांत झाल्या: तासाचे ३६०० सेकंद गुणिले ५० भागिले (८०० गुणिले ४०), म्हणजे ५.६ किलोवॅट. मीटरला गुणक असेल तर त्याने गुणा. मोजणी तीनदा करा आणि त्या वेळी त्या मीटरवर मोटरीशिवाय दुसरे काही चालू नाही ना, हे बघा.

आता पाणी. प्रवाहमापक बहुतेक नळयोजनांवर नसतो किंवा बंद पडलेला असतो. उंच टाकीच मोजपात्र समजा. टाकीखालचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करायला लावा, तो गळतो का ते आधी पाच मिनिटे मोटर बंद ठेवून तपासा, मग अर्ध्या तासात पातळी किती चढली ते मोजा. आतला व्यास ५ मीटर आणि पातळी ५१ सेंटिमीटर चढली तर १० घनमीटर पाणी आले, म्हणजे तासाला २०. टाकीवर स्वतः चढू नका, रोज चढणाऱ्याकडून मोजून घ्या. पंपाच्या तोंडाशी दाब चौरस सेंटिमीटरला ३.५ किलो असेल तर तो ३५ मीटर, त्यात विहिरीतल्या पाण्यापर्यंतचे १२ मीटर मिळवा: ४७. मग २० गुणिले ४७ भागिले ३६७ (उत्तर किलोवॅटमध्ये आणणारा ठरलेला आकडा), म्हणजे २.५६ किलोवॅट पाण्याला मिळाले. मोटरीने ५.६ खाल्ले, कार्यक्षमता सुमारे ४५ टक्के. विहिरीची पातळी त्याच दिवशी मोजा. दिवाळीतली पातळी आणि मेमधला दाब एकत्र केले तर आकडा खोटा पडतो.

मोटर रोज किती तास चालते हे विचारले की उत्तर येते, "टाकी भरेपर्यंत चालू रायते जी." हे उत्तर खरेच असते, पण त्यात तास नसतात. ते बिलातून काढा. ३० दिवसांच्या बिलात १,०१२ युनिटे असतील तर भागिले ५.६, म्हणजे १८० तास, रोजचे सहा. त्यातून दिसते ते असे: योग्य निवडलेला नवा पंपसंच ५५ टक्क्यांवर चालला तर वर्षाला सुमारे २,१०० युनिटे वाचतील. पण टाकी भरल्यावर सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास पाणी वाहून जात असेल तर वर्षाला सुमारे २,०५० युनिटे नालीत जातात. टाकी भरली की मोटर बंद करणारी साधी स्वयंचलित बटणयंत्रणा पंपापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. म्हणून पंप बदलण्याची शिफारस लिहिण्याआधी टाकीखालची जमीन बघा: चिखल, शेवाळ, तिथे पाणी प्यायला येणारी गुरे. मोटर किती वेळा भरून आणली (जळलेले वाइंडिंग नव्याने गुंडाळून घेतले) तेही विचारा. लाइनच्या शेवटी व्होल्टेज कमी मिळते, करंट वाढतो, वाइंडिंग जळते, आणि घाईत भरलेली मोटर पूर्वीइतकी कार्यक्षम राहत नाही. व्होल्टेजचे कारण तसेच ठेवून नवी मोटर बसवली तर तीही जळणार.

पथदिव्यांची मोजणी रात्री आठनंतर करा, नोंदवहीतून नाही. ४० खांबांवर सोडियमचे ७० वॅटचे दिवे (चोकसकट ८५) काढून २४ वॅटचे एलईडी बसवले तर कागदावर २,४४० वॅट वाचतात. पण मुळात २५च दिवे लागत होते आणि आता ४० लागतात, तर खरी घट १,१६५ वॅटची, निम्म्याहून कमी. उरलेल्यातून गल्लीत उजेड आला, हा गावाचा फायदाच आहे. तो अहवालात त्याच नावाने लिहा, बचत म्हणून नको. दिवे दिवसाही चालू राहतात का, हे दुपारी एक फेरी मारून बघा.

शाळेचे काम लवकर होते. पंख्यावर लिहिलेले वॅट वाचा: जुना ७५ च्या आसपास, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरीचा) ३० च्या. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, त्यामुळे जूनचा वापर पुण्याच्या तक्त्याप्रमाणे धरू नका. आरोग्य केंद्रातल्या लसींच्या फ्रिजला हात लावू नका आणि तो बचतीच्या यादीतही घेऊ नका.

शेतीपंपांचा हिशोब याच तक्त्यात मिसळू नका. बऱ्याच जोडण्यांना मीटरच नाही, अश्वशक्तीवर आकारणी होते, आणि ७.५ अश्वशक्तीपर्यंत वीज मोफत असल्याने शेतकऱ्याच्या खिशात बचतीचा पैसा येत नाही. तिथे आकर्षण कमी जळणाऱ्या मोटरीचे आणि दिवसा मिळणाऱ्या लाइनचे आहे, बोलणे त्यावरूनच सुरू करा.

ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा, त्याखाली केंद्रात ब्युरो ऑफ एनर्जी इफिशियन्सी २००२ पासून, राज्यात जबाबदारी महाऊर्जा या राज्य शासनाच्या संस्थेची. अहवाल त्यांच्याकडे जाताना प्रत्येक आकड्यापुढे तो मोजलेला, बिलातला की गृहीत, हे लिहिलेले असावे. निघताना मीटरच्या वाचनाचा, तारीख दिसेल असा फोटो घ्या, आणि बसवलेल्या दुरुस्तीनंतरचे वाचन महिन्याच्या त्याच तारखेला घेण्याची तारीख चपराशीभाऊंच्या वहीत त्यांच्यासमोर लिहून द्या.