पनीर आणि फळांचा नाश्ता: या चुका टाळा

अननसाच्या फोडी आणि पनीर रात्री एकत्र करून डबा फ्रिजमध्ये ठेवू नका. हे सगळ्यात आधी, कारण ही चूक घरोघर होते आणि दोष मात्र दुधाला दिला जातो.

घडतं असं. सकाळची घाई नको म्हणून रात्री दहाला ताजं पनीर कुस्करून डब्यात भरतात, वर अननसाच्या फोडी, चमचाभर मध, झाकण लावलं की झालं. सकाळी ऑफिसात डबा उघडावा तर तळाशी पांढुरकं पाणी साचलेलं. पनीरचे दाणे कडेने विरघळल्यासारखे, बोटाला बुळबुळीत. घास तोंडात घेतला की आधी गोड लागतो, गिळताना मात्र जिभेच्या मुळाशी कडू चव उतरते. दूध जुनं होतं असं ठरवून डबा फेकला जातो. पुढच्या वेळी दुसऱ्या डेअरीची पिशवी येते, अननस तसाच, आणि डबा पुन्हा कडू.

दूध चांगलंच असतं. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. पनीर म्हणजे मुख्यतः दुधातलं केसीन हे प्रथिन. ते तुटून जे बारीक तुकडे होतात त्यांतले बरेच चवीला कडू असतात, आणि या प्रथिनांची जाळीच तुटल्यामुळे तिने धरून ठेवलेलं पाणी सुटतं. किवीत असंच अ‍ॅक्टिनिडिन असतं आणि पपईत पपेन. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात ती याच गुणामुळे. पिकलेल्या पपईत पपेन बरंच कमी असतं, पण रात्रभराचा वेळ मिळाला तर तीही पनीर सैल करते. फ्रिजमध्ये हे काम मंदावतं, बंद पडत नाही. अननस फ्रीझरमध्ये गोठवूनही उपयोग नाही, वितळला की एन्झाइम पुन्हा कामाला लागतं.

‘आमचं तर कधी कडू झालं नाही’ असं सांगणारे बहुधा डब्यातला, पाकातला अननस वापरत असतात. तो डबाबंद करताना तापवलेला असतो, त्या उष्णतेने एन्झाइम निकामी होतं. ताज्या अननसाचंही तेच करता येतं: फोडी दोन चमचे पाण्यात पाच मिनिटं उकळा, पूर्ण गार करा, मग कशातही घाला. माझी सवय त्याहून सोपी आहे. पनीर एका डब्यात, फळ दुसऱ्यात, आणि दोघांची गाठ खाताना वाटीत. दहा-पंधरा मिनिटांत खाऊन संपणार असेल तर कच्चा अननसही चालतो. दोन डबे धुवायचा कंटाळा हे एकत्र कालवण्याचं कारण होऊ शकत नाही.

दुसरी मोठी चूक खुद्द पनीरची. या नाश्त्याला भाजीत घालायचं दाबलेलं, चौकोनी पनीर नको. परदेशी पाककृतीत कॉटेज चीज लिहिलेलं असतं ते वेगळं असतं: कोमट दुधाला विरजण लावून दही धरतात, त्याचे दाणे कापून मंद तापवतात, धुतात आणि वर थोडी साय-क्रीम घालतात. आपल्याकडे पनीरच्या काही पाकिटांवरही तेच इंग्रजी नाव असतं. मग लोक फ्रिजमधला थंड ठोकळा फळांवर किसतात आणि खोडरबर चावल्यासारखं लागतं म्हणून नाश्ताच सोडून देतात. (लंडन-न्यू जर्सीकडे राहणाऱ्यांना खऱ्या कॉटेज चीजचा डबा सहज मिळतो. तो चाळणीत दहा मिनिटं निथळून घ्या. त्यात बहुधा मीठ असतंच, वरून घालू नका.)

इथे घरी करायचं ते न दाबलेलं, ओलसर, मऊ पनीर. बंगाली मिठाईसाठी ज्याला छेना म्हणतात तसं. गाईचं दूध घ्या, त्याचा दाणा म्हशीच्या दुधापेक्षा मऊ येतो. एक लिटर दूध जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तापवा, एक उकळी आली की गॅस बंद. आता तीन-चार मिनिटं थांबायचं. नवशिके नेमके इथे थांबत नाहीत. खाली मोठी आच, दूध खदखदतंय, त्यात अख्ख्या लिंबाचा रस एकदम ओतलेला, आणि वर रवी फिरवल्यासारखं ढवळणं. जास्त उष्णता आणि जास्त आंबट एकदम मिळालं की प्रथिनं झटक्यात आवळतात, आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. हाती येतात ते रव्यासारखे कोरडे, चावताना दातांत करकरणारे दाणे. ते नंतर कितीही सायीत कालवले तरी मऊ होत नाहीत.

थांबल्यावर दूध साधारण 80 अंशांवर येतं. दोन मोठे चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून ठेवा आणि चमच्या-चमच्याने घाला. दर चमच्यानंतर कालथा तळापासून एकदा-दोनदा हळू फिरवायचा, बस. फुटकं दूध आणि पाणी वेगळं होऊ लागतं. पाणी पोपटी-पिवळसर आणि नितळ दिसलं त्या क्षणी रस घालणं थांबवा, उरला तर उरू द्या. जास्त घातलेला रस पनीर कडकही करतो आणि आंबटही. झाकण ठेवून पाच मिनिटं हात लावू नका.

पाणी दुधट राहिलं तर आंबट कमी पडलंय किंवा दूध फार निवलंय. पातेलं अर्धा मिनिट मंद आचेवर ठेवा, अर्धा चमचा रस आणखी घाला, फुटेल.

मग सुती कापडातून गाळा, वरून दोन पेले गार पाणी ओता. त्याने लिंबाचा वास जातो आणि आतली उष्णता निघून दाणा पुढे कडक व्हायचा थांबतो. पुरचुंडी वीस ते तीस मिनिटं टांगा. पिळू नका, वरवंटा ठेवू नका, आणि टांगून बाजारात जाऊ नका. दोन तासांनी त्याचा गोळाच झालेला असतो. बरोबर उतरलेलं पनीर बोटांत धरलं तर आकार धरतं, अंगठ्याने दाबलं की ओलसर तुटतं आणि पाणी ठिबकत नाही. लिटरभर दुधातून 150 ते 180 ग्रॅम निघतं, म्हणजे तीन वाट्यांचा नाश्ता. काट्याने मोकळं करा, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे ताजं गोड दही मिसळा. एका वाटीला 50-60 ग्रॅम पनीर आणि 100 ग्रॅमच्या आसपास फळ हे माप मला बरं वाटतं.

काही चुका एका ओळीत आटपतात. वजन कमी करायचं म्हणून डबल टोन्ड दुधाचं पनीर केलं तर त्यात स्निग्धांश दीड टक्काच, ते कोरडंच होणार. गाईच्या दुधातला साडेतीन टक्के स्निग्धांश इथे हवाच आहे.

नासलेल्या दुधाचं पनीर इथे वापरू नका. दूध आपोआप नासतं ते जंतू वाढल्यामुळे, आपण लिंबाने फोडतो ती गोष्ट वेगळी. आणि हा पदार्थ पुन्हा शिजत नाही. सुटं, बर्फावर ठेवलेलं बाजारचं पनीर कच्चं खाऊ नये, तेही याच कारणाने.

स्ट्रॉबेरीवर आधी साखर भुरभुरवली की ती रस सोडते आणि सगळी वाटी गुलाबी पाण्यात बुडते. महाबळेश्वरची हंगामातली स्ट्रॉबेरी धुऊन, पुसून, मग देठ काढून चिरा. देठ आधी काढला तर धुताना पाणी आत शिरतं. केळं आयत्या वेळी कापा. सफरचंद आधीच चिरायचं असेल तर लिंबू चोळा. डाळिंबाचे दाणे, संत्र्याच्या साल काढलेल्या पाकळ्या आणि चिकू हे या पनीरशी सर्वांत बिनतक्रार वागतात. ताजं अंजीर घेतलं तर देठाकडचा पांढरा चीक पुसून टाका, त्यातही प्रथिनं तोडणारं एन्झाइम असतं. हापूसच्या दिवसांत मध घालूच नका, आंब्याची चव झाकली जाते.

सब्जा कोरडा टाकू नका, पंधरा मिनिटं पाण्यात भिजवलेला घाला. नाहीतर तो पनीरमधलं पाणी ओढून घेतो आणि वाटीचा लगदा होतो.

उरलेलं पनीर फ्रिजमध्ये झाकून दोन दिवस, त्यापुढे नाही. तिसऱ्या दिवशी आंबूस वास नसला तरी त्याची भुर्जी करा. गाळलेलं पाणी कणीक भिजवायला घ्या, पोळ्या मऊ होतात. पनीरचं कापड मात्र लगेच गार पाण्यात धुऊन, मग उकळत्या पाण्यात टाका. आधीच गरम पाणी घातलं तर प्रथिनं धाग्यांत घट्ट बसतात आणि पुढच्या खेपेच्या पनीरला त्याचाच कुबट वास येतो.