बाबांच्या डोळ्याच्या बाहुलीची टेस्ट: आदल्या दिवसापासूनची तयारी

बाबांना शुगर होऊन 19 वर्षं झाली. हल्ली खुर्चीतून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून डॉक्टरांनी ऑटोनॉमिक नर्व्हजची, म्हणजे बीपी, हृदयाचे ठोके अशी आपोआप चालणारी कामं सांभाळणाऱ्या नसांची तपासणी लिहून दिली आणि त्यातच डोळ्याच्या बाहुलीची टेस्ट पण आहे, उजेड पडला की बाहुली कशी लहानमोठी होते ते कॅमेऱ्याने मोजतात. पहिल्या खेपेला आम्ही सिंहगड रोडचं ट्रॅफिक काढत पोचलो आणि टेस्ट न करताच परत आलो, कारण आदल्या संध्याकाळी दुसरीकडे पडदा तपासायला बाहुली मोठी करणारे थेंब घातले होते आणि ते कुणी आम्हाला विचारलंच नव्हतं. म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय, तुमच्या घरी कुणाची असेल तर उपयोगी पडेल.

तर सगळ्यात आधी थेंब. मागच्या दोन आठवड्यांत डोळ्यात काय काय घातलं ते लिहून काढा, नेहमीच्या थेंबांचा असर काही तासांत ते एका दिवसात उतरतो पण अॅट्रोपिनचा आठवडाभरही राहू शकतो. काचबिंदूचे थेंब असतील तर त्यातले काही बाहुली लहान करतात. पोटातल्या गोळ्यांचंही तसंच, प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन, सर्दीची गोळी, झोपेची, डिप्रेशनची, ट्रामाडॉलसारखी दुखण्यावरची, या सगळ्यांनी बाहुलीवर फरक पडतो. पण मनाने काहीही बंद करायचं नाही, बरं का! सगळ्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्यायच्या आणि फोन करून विचारायचं की कुठली थांबवायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का, डोळ्याला कधी मार लागलाय का, हेही सांगा.

सकाळचा चहा, कॉफी आणि तंबाखू त्या दिवशी नको. बाबांना अमृततुल्यचा कट सोडणं जड गेलं, पण ऐकलं. उपाशी मात्र नेऊ नका, शुगर खाली गेली की शरीर घाबरल्यासारखं वागतं आणि आकडे बिघडतात, तेव्हा नाश्ता आणि इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. रात्री नीट झोप हवी कारण डुलकी येणाऱ्या माणसाची बाहुली आपोआप लहानमोठी होत राहते. आईंना घेऊन जात असाल तर काजळ, आयलायनर काही नको, कॅमेरा इन्फ्रारेडवर बाहुलीची कड शोधतो आणि त्या काळ्या रेघेने गोंधळतो. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर डबी बरोबर घ्या.

तिथे गेल्यावर काही मिनिटं अंधारात बसवतात. त्या वेळात मोबाईल काढायचा नाही, स्क्रीनच्या उजेडाने परत पहिल्यापासून बसावं लागतं. दुसऱ्या खेपेला मी तिथेच कोपऱ्यात उभी होते. अंधारात बाबांची बाहुली स्क्रीनवर दिसत होती, वयाच्या मानानेही लहानच, मग फ्लॅश पडला, पाव सेकंदाच्या आसपास काहीच नाही आणि मग ती आकसली, आणि परत मोठी व्हायला इतका वेळ लावला की मी श्वास धरून बघत राहिले. नंतर टेस्ट घेणाऱ्या मॅडमनी समजावलं की या आपोआप चालणाऱ्या नसांचे दोन भाग असतात, आकसणं हे पॅरासिम्पथेटिक भागाचं काम आणि अंधारात मोठी होणं मुख्यतः सिम्पथेटिकचं, शुगरमध्ये बऱ्याचदा हे दुसरं आधी ढिलं पडतं. म्हणून अंधारातलं माप आणि परत मोठं व्हायला लागलेला वेळ, हे दोन आकडे रिपोर्टवर नक्की बघा. आणि टेस्ट चालू असताना त्यांच्याशी बोलू नका, मनात हिशोब केला किंवा दचकलं तरी बाहुली मोठी होते, जवळचं बघितलं की लहान होते, म्हणून समोर लांबच बघायला सांगतात.

त्याच दिवशी झोपून आणि उभं राहून बीपी, खोल श्वासावर ईसीजी हेही असतं, तेव्हा ढिला शर्ट घाला. नुसत्या फ्लॅशच्या टेस्टला थेंब लागत नाहीत पण काही ठिकाणी घालतात, त्यामुळे त्यांना टू-व्हीलर चालवत जाऊ देऊ नका, गॉगल घ्या आणि रिक्षाने या.

एक मात्र, एका डोळ्याची बाहुली अचानक वेगळी दिसली आणि पापणी खाली आली किंवा डोकं, मान दुखायला लागली तर या अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत जा.

रिपोर्टचा फोटो काढून ठेवा, आणि परत करायची झाली तर त्याच मशीनवर, त्याच वेळेला घ्या. आमची सकाळी 10ची होती, पुढच्या वर्षीही तीच मागितलीये.