नमुने गोठलेलेच पोचावेत म्हणून

प्राण्यांचे किंवा वनस्पतींचे जमवलेले नमुने गोठवून विमानाने प्रयोगशाळेत न्यायचे असतील तर तिकीट काढण्याआधीच विमान कंपनीशी बोलून घ्या. प्रवाशाला आपल्या सामानातून ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, नेता येतो तो 2.5 किलोपर्यंतच, आणि त्यालाही कंपनीची आगाऊ परवानगी लागते. फोनवरच्या होकारावर विसंबू नका. ईमेल मागवा, छापून जवळ ठेवा. वाटेत विमान बदलून दुसऱ्या कंपनीचं घ्यायचं असेल तर तिचीही परवानगी हवी. नमुने जमवण्याचा, देशाबाहेर नेण्याचा आणि दुसऱ्या देशात आणण्याचा परवाना हे तीन वेगळे कागद आहेत. प्राणी किंवा वनस्पती ‘साइट्स’ (CITES) या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत असेल तर त्याचा परवाना आणखी निराळा, आणि तो मिळायला बराच वेळ जातो.

ड्राय आइस उणे 78.5 अंशांना असतो आणि वितळत नाही, त्याचा थेट वायू होतो. म्हणून डबा कधीही हवाबंद करू नका, वायूला वाट हवीच. थर्माकोलच्या झाकणाला चारही बाजूंनी चिकटपट्टी मारायचा मोह आवरा. बाहेर ‘ड्राय आइस’ आणि त्याचं निव्वळ वजन ठळक लिहा. डब्यातली रिकामी जागा कागदाने भरा, पोकळी राहिली की बर्फ लवकर उडतो. 2.5 किलो जेमतेम दिवसभर पुरेल असंच धरा.

प्रवास लांबचा असेल तर मी ड्राय शिपर नावाचा खास डबाच घेईन. त्यात द्रव नायट्रोजन सच्छिद्र थरात शोषला जातो. थोडा ओता, शोषू द्या, पुन्हा ओता, आणि निघण्याआधी सुटा उरलेला द्रव ओतून टाका. शिपर उभाच ठेवा. रोज वजन करा, आत किती नायट्रोजन उरलाय ते त्यावरूनच कळतं.

आता कुप्या. माझा सगळ्यात जास्त जीव इथे अडकतो. एका मोसमात मार्करने लिहिलेल्या क्रमांकांवर अल्कोहोल सांडलं, आणि चार कुप्यांवर फक्त निळसर डाग उरले. आतलं रक्त कुठल्या पक्ष्यांचं, ते आजही सांगता येत नाही. तेव्हापासून गोठणात टिकणारं लेबल लावते, पिशवीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकते आणि यादीची एक प्रत डब्याबाहेर ठेवते. जमेल तिथे प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करा, दुसरा भाग वेगळ्या विमानाने पाठवा.

शेवटी, प्रयोगशाळेत फ्रीझरचा कप्पा रिकामा करून घ्या आणि डबा उतरवून घ्यायला कोण येणार ते नक्की करा. शुक्रवारी रात्री उतरणारं विमान टाळा. कस्टम्सने डबा अडवला तर सोमवारपर्यंत तो सोडवून घ्यायला कोणी भेटत नाही.