डायरेक्शनल टर्म्स पाठ करण्याआधी उभे राहा

बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात फर्स्ट इयरला आलेल्या किंवा नर्सिंग, फिजिओला लागलेल्या मुलांसाठी लिहितेय. अँटिरियर, पोस्टिरियर, मीडियल, लॅटरल अशी शरीरातल्या दिशा सांगणाऱ्या शब्दांची यादी समोर आली की सगळे रट्टा मारायला बसतात. तसं करू नका, आधी खोलीत उभे राहा. नजर समोर, पाय जवळ, हात बाजूला सोडलेले, तळवे पुढे, अंगठे बाहेर. ही ॲनाटॉमिकल पोझिशन. पेशंट पालथा झोपलेला असो नाहीतर टेबलावर बॉडी उताणी असो, दिशा सांगायची ती तो असाच उभा आहे असं धरून.

आता अंगठ्याच्या बाजूला मनगटावर नाडी बघा, ती रेडियल आर्टरी, तिच्या खालचं हाड रेडियस, म्हणजे लॅटरल, बाहेरच्या बाजूचं. हात फिरवून तळवा मागे करा, अंगठा मांडीकडे आला ना, तरी रेडियस लॅटरलच म्हणायचं! व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, इथेच गडबड होते.

पुढचं अँटिरियर, मागचं पोस्टिरियर, डोक्याकडचं सुपीरियर, पायाकडचं इन्फिरियर, हे लगेच डोक्यात बसतं. मीडियल म्हणजे शरीराच्या मधल्या रेषेच्या जवळ, लॅटरल म्हणजे लांब, पण नुसतं 'डोळा लॅटरल' बोलून चालत नाही, कशाच्या ते सांगा. डोळा नाकाच्या लॅटरल आणि कानाच्या मीडियल.

हातापायांना प्रॉक्झिमल आणि डिस्टल, धडाकडचं ते प्रॉक्झिमल, धडापासून लांबचं ते डिस्टल. पावसात स्कूटर घसरली की माणूस हात टेकतो आणि मनगटाच्या जरा वर हाड मोडतं, बऱ्याचदा ते कोलेस फ्रॅक्चर असतं, अब्राहम कोलेस यांनी 1814 साली वर्णन केलेलं. त्यात रेडियस डिस्टल टोकाला मोडतं आणि डिस्टल तुकडा पोस्टिरियर बाजूला सरकतो. हे वाक्य स्वतःच्या हातावर बोट ठेवून समजून घ्या, अर्धा धडा तिथेच झाला.

डावं-उजवं कायम पेशंटचं, तुमचं नाही. यात हयगय नको, चुकीच्या बाजूचं ऑपरेशन असंच होतं. सीटी स्कॅनच्या चित्रात तुमच्या डाव्या हाताला पेशंटची उजवी बाजू असते, म्हणून लिव्हर डावीकडे दिसतं.

फोंड्याहून, मडगावहून कदंबा बसने येत असाल तर बसल्या बसल्या एकेक अवयव घेऊन मनात वाक्यं करा, गुडघा घोट्याच्या प्रॉक्झिमल, कातडी स्नायूच्या सुपरफिशियल (म्हणजे वरच्या थरात), पायाच्या नडगीचं हाड टिबिया शेजारच्या बारीक हाडाच्या, फिब्युलाच्या मीडियल, आणि अडलं की पायाला हात लावून बघा.